चार म्हणजे रॉइस

नव्या अल्बमचे खोके व्हॅनमध्ये चढवून झाले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ओक्लाहोमाचं वारं नेहमीसारखं दातांत माती भरत होतं. संध्याकाळी सीमेपलीकडं, टेक्सासातल्या कॅनेडियन नावाच्या गावातल्या डान्स हॉलमध्ये अल्बम बाहेर पडायचा होता. वेंडेल स्टीअरिंगवर बसला. बँडमध्ये तो बेस वाजवायचा आणि एकोणीस वर्षं, वर्षाला दोनशे कार्यक्रम, गाडीही तोच हाकायचा.

गाडी हलवण्याआधी प्रत्येकानं आपला आकडा म्हणायचा, ही त्यांची रीत. एक वेंडेल. दोन ट्वाइला, गाणारी. तीन डेल, ड्रमवाला. चार रॉइस, आडवी स्टील गिटार वाजवणारा. पाच एमेट, फिडलवाला. अकरा वर्षांपूर्वी वुडवर्डच्या पेट्रोल पंपावर रॉइसला विसरून वेंडेलनं पार टेक्सासची हद्द गाठली होती. तेव्हापासूनची ही रीत. धापा टाकत परतले तर हा गडी पंपाबाहेरच्या बर्फाच्या पेटीवर मांडीत एक भटकं कुत्रं घेऊन बसलेला! "मला ठाऊक होतं, याल," एवढंच म्हणाला.

रॉइस कुठल्या थांब्यावरून एकटा परतला तर शपथ! कधी कुत्रं, कधी घरी निघालेला सैनिक, तर एकदा भोपळे घेतलेली म्हातारी. ट्वाइला तोंडाचा पट्टा सोडायची आणि बोलता बोलताच आपली सीट पुढं ओढून मागं त्या पाहुण्याला जागा करायची.

फेब्रुवारीत रॉइस गेला. झोपेतच. बोटांत घालायच्या पत्र्याच्या नख्या त्याच्याबरोबरच पुरल्या. अल्बममध्ये त्याच्या जागी दुसरं कुणी घेतलं नाही. गाण्यांत तेवढी जागा मोकळी सोडली. आणि वेंडेल तीन आणि पाचच्या मध्ये सगळ्यांना एक श्वासभर थांबवत राहिला.

"आज नवीन सुरुवात आहे," ट्वाइला म्हणाली. "आजपासून चार म्हणजे एमेट."

"चार म्हणजे रॉइस."

"अरे बाबा, गेलेला माणूस मोजून परत येतो का? आम्हाला दर वेळी ती शांतता ऐकावी लागते. जीव तुटतो रे."

"एकदा सोडून गेलोय मी त्याला. पुन्हा नाही जायचा."

"तू कुठं सोडलंस? तो गेलाय, वेंडेल."

तिचे डोळे भरलेले पाहून तो नमला. एक, दोन, तीन. एमेटनं खिडकीबाहेर बघत कसंबसं "चार" म्हटलं. गाडी निघाली. मागची उजवी बाजू, रॉइसची, वेंडेलला फार हलकी वाटत होती.

वुडवर्डला डेलला पाय मोकळे करायला उतरायचं होतं. ट्वाइलानं पंपाच्या दारावर आजच्या कार्यक्रमाचा कागद चिकटवला. वेंडेलनं बर्फाच्या पेटीकडं बघायचं टाळलं. निघताना पुन्हा चारच आकडे झाले.

हद्दीची पाटी दिसली आणि ट्वाइलाचा फोन वाजला. पंपावरची मुलगी होती. नंबर दारावरच्या कागदावरून घेतला होता.

"अहो, तुमचा माणूस राहिलाय इथं. टोपीवाला. बाहेर उन्हात बसलाय."

"आमचं कुणी राहिलेलं नाही, पोरी."

"बर्फाच्या पेटीवर बसलाय हो. बोटांना पत्र्याच्या नख्या आहेत, टकटक चाललीय कधीची. आत ये म्हटलं, तर म्हणतो, मला ठाऊक आहे, येतील."

ट्वाइलानं फोन मांडीवर ठेवला. सगळ्यांनी ऐकलं होतं. वेंडेलनं कुणाला न विचारता गाडी वळवली. कार्यक्रमाला उशीर होईल, असं कुणीच म्हणालं नाही.

पंपावर भर दुपारचं ऊन होतं. पेटीवर कुणी नव्हतं.

"आत्ता होता की!" ती मुलगी म्हणाली. "तुमची गाडी दिसली तसा उठला."

वेंडेलनं व्हॅनचा बाजूचा दरवाजा सताड उघडला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग हळूच लावला आणि स्टीअरिंगवर येऊन बसला.

"जुन्या रीतीनं," तो म्हणाला. "एक."

"दोन," ट्वाइला म्हणाली.

"तीन."

शांतता.

मागची उजवी बाजू किंचित खाली बसली. जुन्या स्प्रिंगांची ती कुरकुर वेंडेलनं झोपेतही ओळखली असती.

सीटच्या लोखंडी दांडीवर पत्रा वाजला. चार वेळा, सावकाश, तालात.

"पाच!" एमेट रडत होता आणि हसतही होता.

वेंडेलचा ऊर भरून आला. आला, माझा गडी आला. त्यानं किल्लीला हात घातला.

तेवढ्यात अगदी मागून आवाज आला. तिथं छतापर्यंत अल्बमचे खोके होते, मांजरसुद्धा मावलं नसतं. आवाज बारीक होता, शहाण्या मुलासारखा. त्यांच्यापैकी कुणाच्याही ओळखीचा नव्हता.

"सहा."

कुणी मागं वळलं नाही. आकडे पूर्ण झाले की निघायचं, ही रीत. वेंडेलनं गाडी सुरू केली.

ट्वाइलानं काही न बोलता आपली सीट पुढं ओढली.