दिवसाचा पहारा

भुतं रात्रीच दिसतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. हे सगळं घडलं वैशाखात, भर दुपारी.

साल चौपन्न. जागा आर्वीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेली एक कापसाची जिनिंग. आणि ज्यांच्यावर ते बेतलं ते रूपराव, माझ्या आईचे सख्खे काका. खोटं सांगून त्यांना काहीच मिळणार नव्हतं. उलट ही गोष्ट सांगताना ते मध्येच पाणी प्यायला उठायचे, आणि परत येऊन दुसऱ्याच जागी बसायचे.

रूपराव लढाईत बर्मापर्यंत जाऊन आलेले. धिप्पाड, झुबकेदार मिशा. भीती म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, असं गावात म्हणायचे. म्हणूनच जिनिंगचे मालक मधुकरराव यांनी त्यांना बोलावून घेतलं. बाहेरची टोळी फिरते आहे, दरोडा पडेल, पहारा पाहिजे, असं त्यांनी साऱ्या बाजारात सांगून ठेवलं होतं.

रूपरावांना खाकी कोट मिळाला. शिट्टी मिळाली. एक ठासणीची बंदूकही मिळाली.

बंदुकीचा घोडा मोडलेला होता.

रूपरावांनी तो दाखवला तेव्हा मधुकरराव हसले. "चालवाची नाई रे. लोकाइले दिसली म्हंजे झालं."

दुसरी गोष्ट रूपरावांना त्याहून विचित्र वाटली. पहारा फक्त दिवसाचा होता. दिवे लागायच्या आत फाटक लावून घरी जायचं. रात्री तिथे कोणीच थांबायचं नाही. चोर काय दुपारी येतात? पण मालकाला कोण विचारणार?

हंगाम संपला होता. कापसातून सरकी काढायचे रेचे बंद, पट्टे काढून ठेवलेले. मागची भिंत पडलेली होती, तिथून गाडीबैल आत आला असता. ती कोणी बांधून घेतली नाही. मात्र कोपऱ्यातल्या सरकीच्या गोदामाला नवं कुलूप होतं. कुलपावर साखळी. साखळीवर लोखंडी आडणा.

आणि रूपरावांना घिरट्या घालायच्या होत्या त्या फक्त या गोदामाभोवती.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं...

गोदामाच्या पत्र्यावर कधी कावळा बसत नव्हता. सरकीच्या वासाने एक मोकाट गाय पडक्या भिंतीतून आत यायची. सगळं आवार हुंगायची. गोदामाच्या सावलीपाशी आली की थांबायची, आणि उलट्या पावली मागे सरकत परत जायची.

त्याशिवाय एक म्हातारी यायची. रामबाई. गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीतली. तिची मुलगी धुरपता इथेच रेच्यावर कामाला होती. होळीच्या आदल्या दिवशी कामाला म्हणून निघाली, ती परतलीच नाही. कुण्या मोटारवाल्याबरोबर पळाली, असं मालकाने सांगितलं होतं. रामबाईला ते पटलं नव्हतं. ती रोज फाटकाशी येऊन कडुनिंबाखाली बसायची. आत सोड म्हणायची नाही. नुसती बघत राहायची.

आणि रोज संध्याकाळी मधुकरराव एकच विचारायचे.

"बुढी आलती का?"

चोरांबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तेव्हा रूपरावांना कळून चुकलं, पहारा कोणासाठी आहे ते. निदान त्यांना तसं वाटलं.

त्या दुपारी वारा साफ पडला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रूपराव गोदामाच्या मागच्या बाजूला होते. आणि त्यांना ऐकू आलं...

कोणीतरी गुणगुणत होतं.

बाईचा आवाज. बारीक. शब्द कळत नव्हते, पण ती भाषा गोंडी होती एवढं त्यांना समजलं. लहानपणापासून बाजारात ऐकलेली भाषा.

ते धावत पुढे आले. कुलूप जागेवर. साखळी जागेवर. आडण्यावर धूळ साचलेली.

त्यांनी दाराच्या पत्र्याला हात लावला. वैशाखातलं ऊन होतं, पत्र्यावर भाकरी भाजली असती. पण पत्रा...

थंडगार होता. माठासारखा.

गुणगुणणं थांबलं. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, कोणीतरी श्वास घेतला.

रूपराव फाटकाशी गेले आणि त्यांनी फाटक उघडलं. रामबाईला म्हणाले, "चाल माय. तुही पोरगी आत हाय."

म्हातारी उठली आणि जवळजवळ पळतच गोदामापाशी गेली. दाराला गाल लावून तिने हाक मारली.

आतून ओ आली.

रामबाई रडायला लागली. रडत रडत आपल्या भाषेत बोलत राहिली. आतून उत्तरं येत होती. लगेच, भराभर. रूपराव तोवर पहार शोधून घेऊन आले. कुलूप तोडायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नोकरी गेली तर गेली.

त्यांनी पहार साखळीत अडकवली. जोर लावणार, तेवढ्यात...

रामबाईने त्यांचं मनगट धरलं.

तिचं रडणं थांबलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता. ती त्यांना ओढत, दाराकडे पाठ न करता, कडुनिंबापर्यंत मागे घेऊन आली.

"उघडू नको, दादा."

"काऊन? तुही पोरगी हाय नं थे?"

"आवाज तिचाच हाय. म्या तिले म्हटलं, मी तुले लहानपणी काय म्हणून हाक मारो, थे सांग. थे गप्प बसली. मंग मलेच पुसते... काय म्हणत होती, सांग नं. सांग नं. सांग नं."

रूपरावांनी गोदामाकडे पाहिलं.

साखळीत अडकवलेली पहार हळूहळू हलत होती. वारा तर नव्हताच.

रामबाई निघून गेली. पुन्हा कधी त्या फाटकाशी आली नाही. पोरीला शोधत ती वर्धा नदीच्या काठाने गावोगाव फिरत होती, असं पुढे लोकांकडून कळलं. धुरपता सापडली नाही.

रूपराव तडक मालकाच्या घरी गेले. आवाज आला, म्हातारी आत आली होती, तिच्याशी आतून कोणी बोललं, सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं, मालक चिडेल. खोटं पाडेल. घालूनपाडून बोलेल.

मधुकरराव ताटावर बसले होते. हातातला घास हातातच राहिला.

"दार तं नाई नं उघडलं?"

बस्स, एवढंच विचारलं. आत कोण आहे ते नाही. म्हातारी काय बोलली तेही नाही.

रूपरावांनी नाही म्हणून सांगितलं. मालकाने डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, आणि बंदूक ओट्यावर ठेवून जायला सांगितलं.

रूपरावांनी ठाण्यात कोणाच्या तरी कानावर हे घातलं. एक जमादार येऊन फाटकावरूनच पाहून गेला. पहारा चोख आहे म्हणाला.

पुढच्या आठवड्यात रूपराव त्या रस्त्याने चालले होते. जिनिंगवर आता दोघेजण ठेवले होते, परगावचे. नवे कोट, नव्या काठ्या. पडकी भिंत तशीच होती. दोघेही गोदामासमोर बाजेवर बसले होते.

रस्त्याकडे त्यांची पाठ होती.

तोंड दाराकडे.

त्या रात्री रूपरावांनी बायकोला, भागीरथाबाईंना, पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या चुलीपुढे बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अजी, होळीपासून कोंडलेली, अन्न नाई, पाणी नाई. अशा माणसाले लहानपणचं नाव आठवन का?"

"एवढे दिवस कोणी जित्तं राह्यते का?" रूपराव म्हणाले.

"पण कोणी देत असंन तं? रातीले?"

थंड पत्रा, हलणारी पहार, मागे सरकणारी गाय, हे सगळं रूपराव शेवटपर्यंत स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगायचे. आपण बरोबर केलं, असं म्हणायचे.

आणि मग पाणी प्यायला उठायचे.