जाते म्हणू नये

कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या घरात झोपायच्या खोल्या दोनच. एकीत रविकांत आणि सुमेधा, दुसरीत दोघांच्या आया. मंदाकिनीबाईंची खाट खिडकीशी, विहीण सुहासिनीबाईंची दाराशी. मे महिन्यात सुमेधा बाळंत होणार, पाळणा याच खोलीत मांडायचा. म्हणजे एक खाट हलणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कुणाची, ते रविकांतनं शनिवारी जेवताना सांगितलं.

"आई, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं ना? मग सुमेधाच्या आईच राहू देत. तुझं मार्चचं तिकीट बघतो."

आईच्या डोळ्याला डोळा भिडवायची छाती नव्हती, म्हणून पोरगा वरणाच्या वाटीशी बोलला. मंदाकिनीबाईंनी भावकीतली चौदा बाळंतपणं निभावली होती. पायांवर पोर घेऊन न्हाऊ घालावं ते त्यांनीच, अशी मिरजेच्या त्यांच्या गल्लीत ख्याती. आणि स्वतःच्या नातवाला पहिली अंघोळ घालणार ती ही बाई, जिला तेल कोमट करायचं तरी पुस्तक उघडावं लागतं!

सुहासिनीबाई पुण्याच्या निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली, पण लाल शाई सुटली नव्हती. मंदाकिनीबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्या 'पानी' म्हणाल्या की दाराशेजारच्या खाटेवरून आवाज यायचा, "पाणी. ण बाणाचा." तीन महिने मंदाकिनीबाई ते पाणी गिळत होत्या.

रविवारी सुमेधानं दोघींना एटोबिकोतल्या एका चित्रांच्या गॅलरीत नेलं. दोघी बोलत नव्हत्या, बाहेर उणे अठरा होतं, आणि तिच्या ऑफिसात कुणी पास वाटले होते. २०१८ चा फेब्रुवारी. कोपनहेगनहून जुनी चित्रं आली होती.

"मला हनीमूनला तिथेच जायचं होतं," सुमेधा म्हणाली. "नुसती म्युझियम्स बघत फिरायचं होतं. रवी म्हणाला, टू कोल्ड. आणि आणलं कुठे, तर कॅनडात!"

"कोपनहेगन म्हंजे कुठं आलं?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"म्हणजे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "डेन्मार्कची राजधानी."

कोट खिडकीवर दिले. तीन बिल्ले मिळाले, ते मंदाकिनीबाईंच्या बटव्यात गेले.

आत राखाडी भिंतींच्या पाच खोल्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. दारं एका ओळीत, म्हणून पहिल्या दारातून पार शेवटचं दिसायचं. शेवटच्या खोलीला पुढं वाट नव्हती. आलात तसंच परत फिरायचं. चित्रांतही खोल्याच होत्या. फिकट भिंती, पांढरी दारं, पुसून काढल्यासारखी लाकडी जमीन. सगळ्या रिकाम्या.

"माणूस नाही, काणूस नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "भाड्यानं द्यायच्यात होय?"

सुमेधा हसली. सुहासिनीबाई चष्मा नाकावर आणून एकेक पाटी वाचत होत्या, मराठीत करून, मोठ्यानं, पोरांना वाचून दाखवावी तशी.

तिसऱ्या खोलीत मंदाकिनीबाईंना वास आला, नुकत्या विझवलेल्या मेणबत्तीचा. चौथ्या खोलीत एका चित्रातलं ऊन त्यांनी नीट पाहिलं. खिडकीतून आलेला चौकोन खुर्चीच्या पायाशी होता. त्यांनी पदराला नाक पुसलं, पुन्हा बघितलं. चौकोन खुर्चीच्या पलीकडं होता. म्हातारपणी डोळे असेच, म्हणत त्या पुढं झाल्या.

पाचव्या खोलीत एकच चित्र. त्यात मात्र बाई होती. काळे कपडे, पाठमोरी, केस वर बांधलेले. मान उघडी. त्या मानेवर एक बट सुटलेली. तिच्याशेजारी रिकामी खुर्ची.

"'पाहुणीची वाट पाहताना'," सुहासिनीबाईंनी पाटी वाचली.

"मी वॉशरूमला जाऊन येते हं," सुमेधा म्हणाली आणि पोट सांभाळत मागं फिरली.

दोघीच उरल्या. खोलीत गार होतं, हीटरच्या झोताखालीही गार.

"वाट बघणाऱ्यांची कमी नाही," मंदाकिनीबाई चित्राकडं बघत म्हणाल्या. "काही पाहुण्या मात्र आल्या की बूड उचलत नाहीत."

"मंदाकिनीबाई, निर्णय रविकांतनं घेतलाय. मी मागितला नव्हता."

"मागायला कशाला पायजे? शिकलेल्या बायका न मागताच घेतात. नातवाला अंघोळ घालताना पुस्तक तेवढं भिजू देऊ नका."

सुहासिनीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी चष्मा काढला, मिटला.

"नकोच मला हे. रोजची भांडणं त्या पोरीनं या दिवसांत का ऐकायची? तुम्हीच राहा. जाते मी."

जाते मी.

आपल्यात निघताना बाई 'जाते' म्हणत नाही. जायचं ते एकदाच, चौघांच्या खांद्यावरून. 'येते' म्हणायचं. कुणाच्या तोंडून चुकून 'जाते' निसटलं, तर ऐकणारीनं तिथल्या तिथं शब्द बदलून घ्यायचा. समोर वैरीण असली तरी. हे शाळेत शिकवत नाहीत, हे तिसरीवालीलाही येतं.

सुहासिनीबाई थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द सुधारणारी ती बाई पहिल्यांदाच वाट बघत होती, की आपला शब्द कुणी सुधारेल.

मंदाकिनीबाईंच्या जिभेवर ते आलं होतं. त्यांनी ते गिळलं. इतके दिवस बाणाचा ण गिळला, तसंच.

"बरं," त्या म्हणाल्या. "जा."

आणि पाठ फिरवून दारात जाऊन बटवा उघडला, तंबाखूची डबी आहे का ते बघायला.

डबी सापडली. बटवा मिटला. पावलं वाजली नाहीत.

वळून बघितलं तर खोलीत कुणी नव्हतं.

बाहेर जायला एकच दार, आणि त्यात तर मंदाकिनीबाईच उभ्या होत्या. समोर चारही खोल्या आरपार दिसत होत्या. रिकाम्या.

मेणबत्तीचा वास पुन्हा आला.

त्यांना चित्राकडं बघायचं नव्हतं. बघितलं.

खुर्चीवर पाठमोरी बाई बसली होती. पिकल्या केसांचा अंबाडा. खांद्यावरून घेतलेला पदर. साडीखाली पांढरे बूट, सुमेधानं नोव्हेंबरात घेऊन दिलेले.

तिच्या पलीकडं आणखी एक खुर्ची होती. रिकामी. ती मघाशी नव्हती.

"अहो आई," सुमेधा दारात आली होती. "किती वेळ तेच बघताय? लेट्स गो, भूक लागलीय मला."

"तुझी आई..." मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"माझी आई काय?"

"कुठं गेली?"

सुमेधानं सासूचा हात हातात घेतला, त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं.

"अहो आई, असं काय करताय? मी आठवीत होते तेव्हाच ती गेली. म्हणून तर तुम्ही आलात ना बाळंतपणाला? तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर माझ्या बाळाला कोण न्हाऊ घालणार होतं?"

हेच ऐकायला त्या तीन महिने तडफडल्या होत्या.

कोटांच्या खिडकीवर त्यांनी बटवा पालथा केला. तीन बिल्ले पडले. पलीकडच्या बाईनं तीन कोट आणून दिले.

"हा मरून कलरचा कुणाचा?" सुमेधानं विचारलं. खिशात चष्म्याचं घर होतं. तिनं ते उघडून पाहिलं, रिकामं होतं. "नॉट अवर्स," म्हणत तिनं कोट परत सरकवला.

मंदाकिनीबाईंनी ठरवलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. 'जाते'ही नाही, 'येते'ही नाही. ओठ घट्ट मिटून त्या बाहेरच्या दाराकडं निघाल्या. पाठीमागं ती पाचही दारं एका ओळीत उघडी होती.

"मंदाकिनीबाई."

आवाज पार शेवटच्या खोलीतून आला. हळू, पण खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"निघताना काय म्हणावं?"

सुमेधा पुढं जाऊन दार धरून उभी होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

सत्तर वर्षांची सवय. जीभ आपोआप हलली.

"येते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आत, लाकडी जमिनीवर, कुणीतरी खुर्ची पुढं सरकवली.