पिंजाळच्या कड्याखालची वाट

जव्हारच्या शिरपामाळावरून निघून खोडाळ्याला सायकलने पोहोचायचं, आणि तेही डांबराला चाक न लावता! वर्षभर ममताने हाच ध्यास घेतला होता. ती आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका. शाळेतल्या मुलींची सायकल सहल काढायची तिची फार इच्छा होती, पण घाटरस्त्यावर डंपर आणि पर्यटकांच्या गाड्या अशा सुसाट धावत की मुलींना तिथे न्यायचा धीर होत नव्हता. म्हणून पिंजाळ नदीच्या खोऱ्यातून गाडीवाटा, गुरांच्या वाटा आणि मुरमाचे रस्ते जोडत एक सलग कच्ची वाट तिला शोधायची होती. माघातल्या त्या रविवारी ती पुरी करायचीच, असं ठरवून ती निघाली.

सोबतीला दोघं होते. असलमचं जव्हारच्या बाजारात सायकलचं दुकान. तिघांच्याही ग्रॅव्हल सायकली त्यानेच जुळवल्या होत्या: हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद आणि खरबरीत, खडीवर पकड घेणारे. दुसरी पुष्पलता, ममताची नणंद. कचेरीत नुकतीच नोकरीला लागलेली, सायकलीवर अजून जरा बिचकणारी. तिला या नादाला ममतानेच लावलं होतं.

माळावरचा उतार मोठा झकास होता. लाल मुरूम टायरखाली करकरत होता, कापणी झालेल्या नागलीच्या शेतांवरून गार वारा येत होता आणि खाली दरीत पिंजाळचं पाणी सागाच्या झाडांमधून मध्येच चमकत होतं. पुष्पलता तर चक्क गाणं म्हणत होती!

खोऱ्यात उतरल्यावर मात्र वाटेने रंग दाखवायला सुरुवात केली. पावसाने खचलेल्या एका वळणावर सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. नदी ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून पुष्पलताचा पाय सटकला आणि ती कमरेइतकी भिजली. पलीकडे बाभळीच्या काट्यांनी असलमचा टायर फोडला. ट्यूब बदलून तिघं पुढे निघाले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आणि मग तो कडा आला.

काळ्या कातळाची उंच भिंत नदीवर झुकली होती. तिच्या पायथ्याशी, दाट कारवीतून जेमतेम एका सायकलीपुरती वाट गेली होती. वर, कपारीला, लोंबत्या काळ्या घागरींसारखी आग्यामोहोळं.

"वहिनी, मागे फिरू या ना," पुष्पलता हळूच म्हणाली. "वरच्या सडकेने जाऊ. थोडं डांबर लागलं तर लागलं."

"एवढा तुकडाच राहिलाय गं. पलीकडे गेलं की वाट जुळली!" ममता म्हणाली. "बोलायचं नाही, सायकली हातात धरून चालायचं. असलमभाई, तुम्ही पुढे. मी मध्ये. पुष्पा, तू माझ्या मागे."

असलमने वर बघून मान हलवली. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण तो निघाला. कड्याचं वळण ओलांडून तो दिसेनासा झाला. ममताही बरीच पुढे आली. आता थोडंच अंतर उरलं होतं.

तेवढ्यात आभाळातून एक सावली सरकली. मोहोळघार! पंख आवळून ती थेट मोहोळावर आदळली आणि पोळ्याचा लचका तोडून उडाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळा कडाच घुमू लागला!

पहिला डंख ममताच्या मानेत बसला. दुसरा कानावर. मागे सायकल कोसळल्याचा आवाज झाला.

"वहिनी! माझी ओढणी अडकली! वहिनी!"

ममताने ते ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि तिने सायकलीवर टांग टाकली!

ती सुटली. खड्डे, दगड, मुळं, काही बघितलं नाही. फांद्या तोंडावर सपासप बसत होत्या. मागून पुन्हा एकदा "वहिनी" असं आलं आणि तिने पायडल आणखी जोरात मारलं. वळण संपलं, उतार आला, घोंघावणं मागे पडलं. असलम वाटेत उभा होता, तिथे येऊन ती थांबली.

"पुष्पा कुठंय?" असलमने विचारलं.

ममताने नुसतं मागे बोट दाखवलं.

असलमने तिच्याकडे एकदा पाहिलं. पाठपिशवीतून जाडं जाकीट काढून डोक्यावर ओढलं. "ताई, खाली पाडा आहे. माणसं आणा, धूर करायला सांगा. जल्दी!" एवढं बोलून तो कड्याकडे धावत सुटला.

ममता पाड्याकडे निघाली आणि तिला हायसं वाटलं. कड्याकडे पाठ करायला आता कारण मिळालं होतं! ते हायसं वाटणं तिच्या ध्यानात आलं, तेव्हा डंखांपेक्षा जास्त आग तिच्या चेहऱ्यावर उठली. नवीन सून म्हणून घरात आली तेव्हा तिच्या खेळाच्या नोकरीवरून सासरी कुरबूर झाली होती. तेव्हा शाळकरी पुष्पलता सगळ्यांच्या विरोधात तिच्या बाजूने उभी राहिली होती. आणि आज ती हाक मारत होती.

पाड्याच्या अलीकडेच गोजाबाई आणि तिचा नवरा लाडक्या गवताचे भारे बांधत होते. ममताचं सुजलेलं तोंड बघून बाई दचकली.

"काय झाला, बाय?"

"मोहोळ उठलं... कड्याखाली... माझी नणंद आहे तिथे. मी तिला... ती तिथेच आहे!"

लाडक्याने वाळक्या गवताची पेंढी आवळून तिच्यात ओला पाला खुपसला आणि काडी ओढली. गोजाबाईने झाडाला टांगलेली घोंगडी ओढून काढली. "ही घे. पन तू नको जाव. हा जाईल."

"नाही," ममता म्हणाली. "मीच जाणार."

कड्याजवळ येताच तोच आवाज! लाडक्या धूर सोडत पुढे झाला आणि तिने घोंगडी पांघरून गुडघ्यांवर रांगायला सुरुवात केली. धुराने डोळे चुरचुरत होते. हातांवर डंख बसत होते. एक, आणखी एक, मग मोजायचं भानच राहिलं नाही. कारवीच्या बुंध्यांशी तिला ते दोघं दिसले. पुष्पलता जमिनीवर पालथी पडली होती आणि असलम तिच्यावर जाकीट पसरून स्वतः उघडा पडला होता.

"पुष्पा, मी आलेय! ऊठ!"

पुष्पलता उठली नाही. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ममताने दोघांवर घोंगडी टाकली, नणंदेला काखेत धरलं आणि ओढू लागली. असलम आंधळ्यासारखा चाचपडत मागून ढकलत होता. लाडक्याचा धूर त्यांच्या डोक्यावरून वाहत होता. इंच इंच करत वळण सरलं, उतार आला!

पाड्यावरच्या जीपमधून गोजाबाई त्यांना खोडाळ्याच्या दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी धावपळ करून पुष्पलताला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. "अजून थोडा उशीर झाला असता तर घसा बंद झाला असता," ते म्हणाले. ममता भिंतीला टेकून खाली बसली. थोडा उशीर! जो झाला तो कुणामुळे, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

संध्याकाळी नीलेश, तिचा नवरा, जव्हारहून धापा टाकत आला. बहिणीचा सुजलेला हात त्याने हातात घेतला आणि भरल्या डोळ्यांनी ममताकडे वळला. "गोजाबाई बाहेर सगळ्यांना सांगतेय, तू धुरात रांगत गेलीस म्हणून. तू होतीस म्हणून पुष्पा वाचली."

मान हलवून गप्प बसणं किती सोपं होतं!

"नाही," ममता म्हणाली. "आधी मी पळाले. तिला तिथे सोडून पळाले. असलमभाई परत गेले म्हणून ती वाचली. मी नंतर आले."

नीलेशच्या हातातून बहिणीचा हात सुटला. शेजारच्या खाटेवर, डोळे सुजून मिटलेला असलम कूस बदलून भिंतीकडे वळला, जणू त्याने काही ऐकलंच नव्हतं.

पुष्पलताने तोंडावरचा मास्क जरासा बाजूला केला. "वहिनी, मी हाक मारली, ती ऐकू आली होती?"

ममताने मान वर केली. "आली होती. दोन्ही वेळा."

पुष्पलता छताकडे बघत राहिली. बाहेर बाजार उठत होता, भांड्यांचा आवाज येत होता.

"ताई, आपली वाट फोनच्या नकाशावर उतरलीय," असलम भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "कड्यापर्यंत आणि कड्यापुढे. कड्याखाली सिग्नल नव्हता, तो मधला तुकडा जोडला की झाली पुरी."

"जोडू नका," ममता म्हणाली. "त्या वाटेने कुणी जायचं नाही. मुली वरच्या सडकेने येतील. पहाटे, डंपर निघायच्या आधी."

"आणि मी?" पुष्पलताने विचारलं.

"तू... तू येशील?"

"येईन." तिने सुजलेले ओठ कसेबसे हलवले. "पण या वेळी मी पुढे. तू माझ्या मागे."

ममताला हसावं की रडावं कळेना. ती उठली आणि नणंदेच्या उशाशी जाऊन उभी राहिली. हात पुढे करायचा धीर मात्र तिला झाला नाही. शेवटी पुष्पलतानेच आपला हात चादरीवरून थोडा तिच्याकडे सरकवला.