पावणं, ब्रेक दाबा

"पावणं, नुसतं बघत काय उभारलायसा? वर चढा, ब्रेक दाबा."

साल चौऱ्याहत्तर. उद्यमनगरातल्या केरबा मिस्त्रींच्या शेडमध्ये हा हुकूम आला, तो ट्रकच्या पोटाखालून. दारातल्या तरुणानं वाकून पाहिलं. आधी दिसला पाना, मग तेलानं काळा झालेला हात, मग गालावर तीट लावल्यासारखा डाग आणि त्याच्या वर दोन डोळे… डोळ्यांशी आल्यावर त्याचं वाकणं जरा लांबलं.

"वर म्हणजे केबिनमध्ये," डोळे म्हणाले.

तो मुकाट्यानं चढला.

ही झुंबर, केरबा मिस्त्रींची थोरली. लोकांच्या हिशेबात तिची खर्चाची बाजूच मोठी: हात काळे, बोलणं फटकळ, वय बाविशी पार. जमेला एकच. जुन्या ट्रकचे गंजके ब्रेक पाइप काढून ती नवे असे बसवी, की ड्रायव्हर गगनबावड्याचा घाट बिनघोर उतरत. पण लग्नाच्या बाजारात ही जमा कोण मांडतो?

आजही कबनूरचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. वडील त्यांना आणायला एसटी स्टँडवर गेले होते, आत्या शालूबाई मागच्या घरात पोहे करत होती. झुंबरनं साडी नेसून बसायचं, असं ठरलं होतं. पण ट्रक संध्याकाळी घाटात जाणार होता. पाइप नवे बसले, तरी आतली हवा काढल्याशिवाय ब्रेक धरत नाही. आणि त्याला माणसं दोन लागतात, एक वर पाय दाबायला, एक खाली चाकामागची निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, खोलायला.

"दाबा… दाबा… आता धरून ठेवा." तिनं निपल ढिली केली. तेल बुडबुडे काढत डब्यात पडलं. निपल आवळली. "सोडा."

पाय चांगला होता, हे तिनं कबूल केलं. आज्याच्या हातमागावर तयार झालाय, असं वरून उत्तर आलं. पत्र्यावर श्रावणाची भुरभुर चालली होती. अनोळखी माणसाजवळ मन मोकळं होतं तसं तिचं झालं. आधीच्या दोन स्थळांनी पाना सोडायची अट घातली, आज तिसरा येतोय, हेही तिनं निपल खोलता खोलता सांगून टाकलं.

"त्यानं तोंड उघडायच्या आत मीच न्हाय म्हणून टाकतो," ती म्हणाली.

वरचा पाय उचलला गेला. नळीनं फुस्सकन हवा आत ओढली.

"अवो, धरा म्हटलं की. आता पहिल्यापास्नं आलं सगळं."

"चुकलं," वरून आवाज आला. "पण… तिसरा मीच हाय."

घरचे एसटीनं येत होते. तो सुताच्या गठ्ठ्यांच्या ट्रकमधून पुढं आला होता.

"तुम्ही पावणं म्हणालासा. मला वाटलं, ओळखलंत."

"ते मी सगळ्यांनाच म्हणतो."

"सगळ्यांना ब्रेकबी दाबायला लावता?"

झुंबरला चाकाआड हसू फुटलं. आता केबिनचं दार उघडेल, तिनं ताडलं. आणि ते उघडू नये असं आपल्याला वाटतंय, हे ध्यानात येऊन ती स्वतःवरच चिडली.

दार उघडलं नाही.

"मध्यस्थ म्हणाला, मुलगी विणकाम छान करती."

"खोटं हाय."

"बरं झालं. कबनुरात विणणारी नेऊन काय करू? सगळं गावच विणतंय. ट्रक बिघडला की मात्र मिस्त्री हुडकत फिरायचं."

"म्हणजे तुम्हाला मिस्त्री पायजे, बायको न्हवं."

"मिस्त्री मिळतोय की, उशिरानं का होईना," तो म्हणाला. "'धरून ठेवा' म्हणणारं माणूस मिळत न्हाय… दाबू का?"

"दाबा," ती म्हणाली. आवाज जरा हळूच निघाला.

चारी चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. तरी दोघांनी आणखी दोनदा हवा काढली… नसलेली.

शालूबाई पोह्यांची बशी घेऊन भाचीला हुडकत आली, तेव्हा पाहुणा केबिनमधून उतरून तिच्या पायाच पडला. कबनूरचा, हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला, बशी त्याच्या हाती कोंबली आणि झुंबरला हात धुवायला पिटाळलं. पण ब्रेक ऑइल का असं निघतंय? आणि झुंबर सकाळपासून उपाशी. त्यानं तिच्या काळ्या हातांकडं पाहिलं, चमचा भरला आणि तिच्या ओठांपाशी नेला.

"अगं बाई, हा घास लग्नातला," शालूबाई म्हणाली. "नाव घेतल्याबिगर खात न्हाईत."

झुंबरनं तोंड मिटलं. नाव तिनं कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. नकार द्यायला नाव कशाला लागतं?

"नाव काय तुमचं?"

"सयाजी."

"सयाजी," ती म्हणाली… आत्याकडं बघत, अगदी सावकाश. आणि तिनं आ केला.