अडेलाचा चेहरा

"दुकानातल्या एकूण एक प्रतीतलं फोटोचं पान कापलंय," हॅस्केलमास्तर दारातूनच म्हणाले. "आणि आज चारला प्रकाशन."

जॉर्जियातल्या त्या नदीकाठच्या गावात एकच लेखिका होऊन गेली, अडेला व्हिटलो. तिच्या गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली होती. प्रस्तावना मास्तरांची. तिचा फोटो प्रथमच छापलेला. तिच्या जुन्या ट्रंकेत प्रकाशकाला सापडला होता.

खाजगी गुप्तहेर नेल गॅरिटी उठली. कॉफी अर्धी टाकून तिचा सोबती ओटिस मागोमाग निघाला. मास्तरांवर कुणीतरी जळत असणार, असं त्याला वाटलं.

पुस्तकांचं दुकान म्हाताऱ्या एमेट प्रुइटचं.

"काल खोकी मी उघडली, मास्तरांनी पुस्तकं मांडली," तो म्हणाला. "मेव्हिस फुलं ठेवून गेली. कुलूप शाबूत आहे."

"फोटोत काय होतं?" नेलने विचारलं.

"नदीचा काठ. पिवळा झगा, वाऱ्याने उडालेले केस."

अडेलाची धाकटी बहीण मेव्हिस समोरच्या ओसरीवर वाटाणे सोलत होती.

"पुस्तक मी अजून उघडलंही नाही. पण अडेलाचा फोटो? ती तर कॅमेरा दिसला की पळायची." ती हसली, तशी एकाच गालाला खळी पडली.

"मास्तर, तुम्हाला टपालाने वेगळी प्रत आली असेल ना?" नेलने विचारलं.

आली होती. काळ्यापांढऱ्या फोटोत एक मुलगी उन्हाने डोळे बारीक करून हसत होती. एकाच गालाला खळी.

नेलने सगळ्यांना दुकानात बसवलं.

"मास्तरांना पान नको असतं, तर त्यांनी स्वतःची प्रत जपली नसती. मेव्हिसबाईंनी पुस्तक उघडलं नाही. नाहीतर फोटो कुणाचा, हे त्या पाहताक्षणी बोलल्या असत्या. एमेट, काळ्यापांढऱ्या फोटोतला झगा पिवळा होता, हे तुम्हाला कसं कळलं? ते फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक असणार." तिने मास्तरांच्या प्रतीतलं पान मेव्हिसपुढे धरलं. "ही अडेला नाही. तुम्ही आहात."

एमेटने गल्ल्याखालून पानांचा गठ्ठा काढला. एकही पान चुरगळलेलं नव्हतं.

"अडेलाने तो फोटो माझ्याकडून हट्टाने मागून घेतला होता. आता खाली तिचंच नाव छापलंय. सगळा देश मेव्हिसला अडेला म्हणणार, आणि मी बघत बसायचं?"

"सांगायचं होतंस," मेव्हिस म्हणाली.

"कुणी काढला, का काढला, सगळंच सांगावं लागलं असतं. त्याच वर्षी तू हॅरल्डशी लग्न केलंस."

"तू कुठे विचारलंस?"

मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. ओटिसलाही कुठे बघावं कळेना.

"पुस्तकं फोटोशिवायच जाऊ देत," मेव्हिस शेवटी म्हणाली. वरचं एक पान तिने मांडीवर ठेवून हाताने सारखं केलं. मग शेजारची खुर्ची जवळ ओढली.

"चारला इथे बस, एमेट. माझ्याजवळ."