मुकादम, नाना आणि खडूची खूण

एखाद्या दुकानाने तुम्हाला वस्तू विकली, "मागणी स्वीकारली" असं लेखी कळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तेच दुकान म्हणालं, "ही वस्तू आमच्याकडे नाहीच," तर तुम्ही काय म्हणाल? केतकी जे म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही.

केतकी अकरा वर्षांची. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा चार सेंटिमीटर आखूड होता, म्हणून डाव्या बुटाला चार सेंटिमीटर जाड तळ लागायचा. असे बूट एक छोटा कारखाना दीड-दोन महिन्यांतून एकदा करायचा, तेही प्रत्येक मापाचे एक-दोन जोड. जुने बूट आता तिला चावत होते आणि रविवारी शाळेची शंभर मीटरची शर्यत होती. आजवर तिला नुसतं टाळ्या वाजवायला बसवायचे. या वर्षी पहिल्यांदाच तिचं नाव धावणाऱ्यांच्या यादीत लागलं होतं.

आईने गुरुवारी फोनवरून मागणी नोंदवली. "एक जोड उपलब्ध. मागणी स्वीकारली." शुक्रवारी दुपारी निरोप आला, "क्षमस्व. माल शिल्लक नाही."

"काल होता, आज नाही? उंदरांनी खाल्ला का?" केतकी ओरडली.

तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, मिशीतल्या मिशीत हसत होते. भिवंडीजवळच्या ज्या गोदामातून हे बूट निघायचे, तिथेच ते एकोणतीस वर्षं कामाला होते. "उद्या चल माझ्याबरोबर. मुकादम म्हणतो नाही, पण हा दामोदर केणे म्हणतो आहे!"

शनिवारी कामगारांच्या घरच्यांना गोदामात पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभं राहता यायचं. सन २०४३ मधलं ते गोदाम. आत माणसं जेमतेम बारा, यंत्रमानव चारशे. पाटासारखे चपटे यंत्रमानव उंच मांडण्यांखाली शिरत, अख्खी मांडणी उचलत आणि कामगाराच्या टेबलाशी आणून उभी करत. माणसाने वस्तूपर्यंत चालायचं नाही, वस्तूच माणसाकडे येणार. एका मांडणीत साबणाशेजारी कुकर, कुकरशेजारी पतंगाचा मांजा.

"काय हा पसारा!" केतकी म्हणाली.

"पसारा आपल्या डोळ्यांना. रिकामी जागा दिसली की मुकादम तिथे काहीही ठेवतो, जागा वाया जात नाही. आणि सारख्या दिसणाऱ्या वस्तू लांब लांब ठेवल्या की दोन नंबरच्या बुटाऐवजी तीन नंबरचा उचलला जात नाही. कुठे काय आहे ते त्याच्या डोक्यात."

मुकादम म्हणजे माणूस नव्हे. गोदाम चालवणाऱ्या प्रणालीला (सगळ्या यंत्रांना हुकूम देणाऱ्या संगणकाच्या बुद्धीला) कामगारांनी ठेवलेलं ते नाव. मुकादमनेही कामगारांना नावं ठेवली होती, पण त्यात गंमत नव्हती. टेबलाचा क्रमांक तोच माणसाचा. नाना होते "हात सहा".

"पूर्वी तीन गोदामं होती," नाना सांगू लागले. "एक दुकानांचं, एक फोनवरच्या मागण्यांचं, एक घाऊक गिऱ्हाइकांचं. एकीकडे माल धूळ खात पडायचा नि दुसरीकडे गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. आता तिघांचा ढीग एकच. घरातल्या लाडवाच्या डब्यासारखा. पाहुण्यांना त्यातूनच, शेजाऱ्यांना त्यातूनच, तुला त्यातूनच."

"मग शेवटचा लाडू दोघांना कबूल केला तर?"

"म्हणून तर आरक्षण (मागणी येताच ती वस्तू त्या माणसाच्या नावे बांधून ठेवणं). एकाने मागितला की त्याच क्षणी बाकीच्या सगळ्या दारांवर पाटी लागते, डबा रिकामा."

केतकीला हे पटलं आणि कोडं आणखी घट्ट झालं. बूट आईच्या नावे बांधलेला होता, तर गेला कुठे?

नाना तिला भिंतीलगतच्या जुन्या लाकडी कपाटापाशी घेऊन गेले. कपाटावर खडूने गोल आणि गोलात टिंब काढलेलं होतं. "ही आमची खूण. अडलेल्या माणसासाठी एक नग मागे राखायचा आणि वर हे काढायचं. खूण दिसली की गोदामातला कुणी त्याला हात लावत नसे. सोमवारी तुझी आई बुटाचं बोलली, मंगळवारी मी जोड इथे आणून ठेवला. कामगारांची खरेदीची खिडकी शनिवारीच उघडते ना! म्हटलं, पोरीला चकित करू." त्यांनी ऐटीत गोणपाट उचललं.

खाली काहीच नव्हतं.

नानांनी कपाटाखाली, कपाटामागे, परत गोणपाटाखाली पाहिलं. केतकीला त्यांच्याकडे बघवेना. ती टेबलावरच्या पडद्यापुढे गेली. "मुकादम, दोन नंबरचा उंच तळाचा जोड कुठे आहे?"

मुकादमने शांतपणे नोंदी वाचल्या. "गुरुवार, जोड एका मागणीसाठी आरक्षित. शुक्रवार सकाळ, मांडणी आणली, खण रिकामा. वस्तू हरवली असे धरून मागणी रद्द. शुक्रवार संध्याकाळ, मोजणीच्या ड्रोनला जोड कपाटात आढळला. साठा पुन्हा एक. शनिवार सकाळ, दुसऱ्या ग्राहकाची मागणी स्वीकारली, यंत्राने जोड कपाटातून उचलला."

"पण मी वर गोणपाट टाकलं होतं!" नाना म्हणाले.

"ड्रोन डोळ्यांनी पाहत नाही. प्रत्येक खोक्यावर रेडिओ-चकती (दुरून विचारलं की आपलं नाव सांगणारी पातळ चिप) असते. रेडिओ लहरी कापडातून आणि पुठ्ठ्यातून जातात."

खिशातला फोन खिशातच वाजतो, तसं. केतकीला आता सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. बूट आईला मिळणारच होता. नानांनी तो तिच्यासाठीच लपवला, म्हणून तो तिच्या हातचा गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तेवढ्यात सरकत्या पट्ट्यावरून ते खोकं आलं, नऊ नंबरच्या दाराकडे निघालेलं. नानांनी ओळखलं आणि झडप घालून त्यावर हात ठेवला. पट्टा थांबला, लाल दिवा लागला.

"हात सहा, ही वस्तू दिलेली आहे."

"माझ्या नातीची आहे!" नानांचा आवाज फाटला.

केतकीने खोक्याकडे पाहिलं. असे बूट कुणी हौसेने घेत नाही. पलीकडेही कुणाचा तरी पाय आखूड होता. "सोडा, नाना," ती म्हणाली. मनात मात्र आलं, बसू नये त्या पलीकडच्या मुलीला तो बूट! मग तिची तिलाच लाज वाटली, पण फारशी नाही.

नानांनी हात काढला. खोकं गेलं.

"मुकादम, वस्तू राखून ठेवायची सोय तुझ्यात नाही का?"

"आहे. 'राखीव' हे बटण. हात सहा यांच्या पडद्यावर ते दिलेले नाही. त्याविषयी त्यांना सांगण्याची सूचना मला नव्हती."

नाना टेबलाच्या कडेवर बसले. "अकरा वर्षांपूर्वी याला बसवला, तेव्हा चार महिने इंजिनीअरांबरोबर हिंडलो मी. कुठली वस्तू कशी ठेवायची, काय भिजतं, काय फुटतं, सगळं ओतलं याच्यात. खडूचं कुणी विचारलंच नाही, आणि मलाही वाटलं, त्यात काय सांगायचं?" शेजारच्या पाचव्या टेबलावरच्या कौसरमावशींनी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली.

रविवारी केतकी धावली नाही, शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर रिबीन धरून उभी राहिली. जुन्या बुटात तिला चार पावलंही धड पळवेना. सोमवारी नानांना घरी बसवलं, कारण "अनधिकृत हलवाहलव". केतकीने गोदामाला सविस्तर पत्र लिहिलं. ज्याच्या डोक्यात साठा आहे आणि ज्याच्या हातात साठा आहे, त्या दोघांना एकच गोष्ट ठाऊक नसेल तर शेवटचा लाडू हरवणारच, म्हणून राखीवचं बटण प्रत्येक टेबलावर द्या. उत्तर तीन शब्दांचं आलं, "सूचना नोंदवली आहे." नाना म्हणाले, "नोंदवण्यात तो पहिल्यापासून पटाईत."

सात आठवड्यांनी दारात एक खोकं आलं. वर छापील चिठ्ठी होती, "राखीव, केतकीसाठी. नोंद, हात पाच." म्हणजे बटण आलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने गोल आणि गोलात टिंब काढलेलं होतं.

नानांनी त्या खुणेवरून अंगठा फिरवला, पण पुसू दिली नाही. "कौसरला मीच शिकवली होती," ते म्हणाले.

केतकीने वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, "मोठेपणी मी बनवेन त्या मुकादमचा नियम पहिला. हातांना नावं असतील, आणि त्यांना विचारलं जाईल." मग तिने बूट घातले. डावा अगदी बरोबर बसला. शर्यत पुढच्या वर्षी होती, आणि तोवर पाय वाढणार होता.