सात नंबरचा जुना प्लेअर

"तुम्ही कधी हसता का हो?"

प्रश्न तिचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज लावली की 'रेडिओ' माघार घेत नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. शेवटच्या वर्षाला आली तरी तोंड मिटत नाही, म्हणून तिचं नाव रेडिओ. आणि ज्याला विचारलं, त्याचं नाव मुलींनी ठेवलं होतं सायलेंट मोड. भाषेच्या लॅबमधले सव्वीस कॉम्प्युटर नीट करायला तो आठवडाभरासाठी आला होता.

त्याने मान वर केली. डोळे असे की... पुढचं वाक्य ती विसरलीच.

"काम संपलं की हसतो," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनमध्ये शिरला.

दुसऱ्या दिवशी पैज नव्हती, तरी ती तिथेच.

"रोज तेच ते काय करता?"

"प्लेअर अपडेट करतोय. तुम्ही धडे ऐकता ना, तो."

"धडा वाजतोय की नीट. मग कशाला छेडायचं त्याला?"

"दार नीट लागतंय म्हणून मोडकं कुलूप ठेवाल?" तो पहिल्यांदाच एवढं लांब बोलला असावा. "कुणी मुद्दाम बिघडवलेली फाईल जुन्या प्लेअरवर नुसती लावली, तरी चोराला आत यायची वाट मिळते. नव्यात ती वाट बुजवलेली असते."

ती बघत राहिली. मशीन झालं की तो हेडफोन लावायचा, डोळे मिटून धडा ऐकायचा, मग रुमालाने हेडफोन पुसून हळूच खुंटीवर अडकवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. तिच्याशिवाय.

शुक्रवार उजाडला. आता एकच मशीन उरलं होतं. उद्यापासून तो येणार नव्हता.

तो पाणी प्यायला बाहेर गेला. तेवढ्यात तिने आधीच अपडेट झालेल्या सात नंबरच्या मशीनवर, समोर आली त्या पहिल्याच साइटवरून जुना प्लेअर उतरवला आणि टाकला. एक मशीन जुनं राहिलं तर त्याला उद्या यावंच लागेल ना...

शेवटची फेरी मारताना तो सात नंबरपाशी थांबला. त्याने आधी नेटची वायर काढली.

"हे कुणी केलं?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "कुठल्या कोपऱ्यातून आणलंय कोण जाणे. इथून सगळ्या मुलांच्या तोंडी परीक्षांच्या रेकॉर्डिंगपर्यंत पोचता येतं."

तिच्या मैत्रिणींच्याही. रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला. नाही म्हणाली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"मी केलं," ती म्हणाली. "तुमचं काम... संपू नये म्हणून."

तो बघतच राहिला. आणि मग — हसला. अगदी खळखळून, खांदे हलवत.

"काम संपलं नाही तरी हसलात," ती पुटपुटली.

"नियम तुम्ही मोडलात." त्याने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. आता हे पुसून पहिल्यापासून सगळं टाकायचं. प्लेअर ज्यांनी बनवलाय त्यांच्याच साइटवरून. आणि हात तुमचे चालणार."

दोन तास गेले. हेडफोन तिने ओढणीने पुसला, खुंटीवर अडकवला.

"पुढच्या वेळी कुणाला थांबवायचं असेल," तो बॅग उचलत म्हणाला, "तर नुसतं थांब म्हणायचं. एवढा उद्योग कशाला?"

ती उभी राहिली. कान लाल, पण नजर सरळ.

"थांब."

बॅग खाली ठेवली गेली.

त्या संध्याकाळी घरी बाबा कॉम्प्युटरवर गाणी ऐकत होते. अपडेटची चौकट आली आणि त्यांचं बोट सवयीने 'नंतर'कडे गेलं. तिने वरच्यावर त्यांचा हात धरला.

"नंतर नाही, बाबा. आई, तूही ये. रविवारी एकजण घरी येतोय. मला तो आवडतो आणि मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय."

आईच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "अगं, पण कोण?"

"सांगते सगळं. आधी बाबांना उठव तिथून. प्लेअर आत्ताच अपडेट करते... पहिल्याच भेटीत त्याने सासऱ्यांना रागवायला नको."